पाहुणीच्या गाडीतली शिट्टी

गाडी वाऱ्यासारखी सुटलेली असताना आपली मुलगी मान खाली घालून वाचत बसते, ही गोष्ट आईच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हती. टायर फुटेल, कुत्रं आडवं येईल, वळणावर खडी असेल, या काळज्या होत्याच; पण त्यांची तिला सवय झाली होती. त्या यायच्या, घटकाभर बसायच्या आणि उठून जायच्या. ही मात्र घरजावयासारखी मुक्काम ठोकून होती. मुलीने निदान समोर तरी बघावं! शेजारची बाई गाडी खड्ड्यात घालतेय की झाडावर, एवढं तरी तिला कळायला नको?

"तिने समोर बघितलं तर वाचणार कोण?" वडील शिवणयंत्रावरची नजर न काढता म्हणायचे. "आणि तिने वाचलं नाही, तर दोघी खड्ड्यातच जातील की."

"तुम्ही खड्ड्याचं नाव काढू नका."

"तूच काढलंस."

"मी काढलं तर चालतं. मी आई आहे."

मुलीचं घरातलं नाव शिट्टी. जन्मल्या जन्मल्या तिने असा काही सूर लावला की नर्स म्हणाली, "अहो, हिला कुणीतरी गॅसवरून उतरवा." नाव तेव्हाच पडलं, आणि वयाची पंचविशी गाठली तरी निघालं नाही. आवाज नुसता मोठा नव्हता, स्वच्छ होता. तीन मजले खालून तिने हाक मारली तर वरच्या माणसाला तिचा स्वल्पविरामसुद्धा ऐकू यायचा. शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, माइक बिघडला की बाई म्हणायच्या, "शिट्टीला बोलवा."

घर दोन मजली होतं. खाली वडिलांचं दुकान, वर राहायची जागा. वडील गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचे. दुकानात रेक्झिनचे गुंडाळे उभे केलेले, फोमचे तुकडे पायात येणारे, आणि चिकटवायच्या द्रावणाचा वास जिन्यावरून थेट स्वयंपाकघरापर्यंत. आई शाळेत भूगोल शिकवायची. जगातले सगळे घाट तिला नकाशावर तोंडपाठ होते, पण प्रत्यक्ष गाडीत बसली की दाराच्या वरची मूठ ती दोन्ही हातांनी धरायची, गाडी उभी असली तरी.

शिट्टीला नोकरी लागली ती बस स्थानकावर, गाड्यांची घोषणा करायची. त्याआधी तिथे जे गृहस्थ होते ते तोंडात घास असल्यासारखे बोलायचे, लोक एकमेकांना विचारायचे, "काय म्हणाला हो?" आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी निघून जायची. शिट्टी आली आणि स्थानकाचा चेहराच बदलला. स्थानकप्रमुख म्हणायचे, "ही पोरगी प्रत्येक शब्दाला बसायला स्वतंत्र खुर्ची देते." आधी गावाचं नाव, मग छोटासा श्वास, मग फलाट. तो श्वास महत्त्वाचा होता. तेवढ्यात माणूस मान वर करतो आणि फलाट ऐकायला तयार होतो, असं ती सांगायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काचेच्या खोलीत बसून, मान खाली, समोरच्या कागदावर बोट, आणि तोंडाजवळ माइक. एकदा एका बाकावर एक जोडपं इतकं रंगात येऊन भांडत होतं की त्यांची गाडी सुटायला आली तरी त्यांना पत्ता नव्हता. शिट्टीने त्याच गोड सुरात सांगितलं, "फलाट तीनवरच्या काका-काकूंनी उरलेलं भांडण गाडीत पूर्ण करावं. गाडी सुटते आहे." सगळं स्थानक हसलं. काका-काकूही हसत हसत चढले, आणि खिडकीतून पुन्हा भांडायला लागले.

तर अशा या स्थानकावर पाहुणी येऊन बसली.

देशाची राष्ट्रीय रॅली स्पर्धा दरवर्षी असायची. सहा गावं, सहा शर्यती. जंगलातले, माळावरचे कच्चे रस्ते त्या दिवशी बंद करायचे, गाड्या एकेक करून सोडायच्या, आणि कोण कमी वेळात टप्पा पार करतं ते बघायचं. गाडीत दोघं, एक चालवणारा, दुसरा वाटेची टिपणं वाचून पुढचं वळण सांगणारा. त्याला म्हणायचं नॅव्हिगेटर. या स्पर्धेत दरवर्षी चार-पाच परदेशी चालकही उतरायचे, कारण त्यांच्याकडे तेव्हा शर्यतींचा मोसम संपलेला असायचा आणि हात शिवशिवत असायचे. एक होता दातांचा डॉक्टर, जो कुणाशीही बोलताना त्याच्या डोळ्यांऐवजी दातांकडे बघायचा. दोन भाऊ होते, जे गाडीत एकमेकांशी बोलायचे आणि गाडीबाहेर अजिबात नाही. आणि एक होती ही, बर्फाच्या मुलखातली, ताडमाड उंच, चाळिशीची बाई. हसली की हिरड्या दिसायच्या. इंग्रजी तिला आईच्या शाळेतल्या सहावीतल्या मुलांइतकंच यायचं.

नियमांत या परदेशी मंडळींना ‘पाहुणे स्पर्धक’ म्हणत. त्यांनी शर्यत जिंकली तर कप त्यांचा, टाळ्या त्यांच्या. पण राष्ट्रीय अजिंक्यपदाचे गुण त्यांना नाहीत. इथले काही चालक तरीही कुरकुरायचे, "पाहुण्यांनी कसं, चहा घ्यावा आणि निघावं." बाकी सगळे जण त्यांना नुसतं पाहुणे म्हणायचे, आणि म्हणून ही बाई पाहुणी.

पाहुणीचा नॅव्हिगेटर पहिल्या शर्यतीआधीच आजारी पडून मायदेशी परतला. त्याला पोहोचवायला ती बस स्थानकावर आली, तो गेला, आणि ही तिथेच बाकावर डोकं धरून बसली. वर भोंग्यातून शिट्टी बोलत होती. अर्धा तास पाहुणीने ऐकलं. मग उठली, आवाजाचा माग काढत काचेच्या खोलीपाशी आली, काचेवर टकटक केली आणि म्हणाली, "तू. माझ्यासाठी वाच."

तिला एकही शब्द कळला नव्हता. पण प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला होता.

घरी अर्थातच रणधुमाळी झाली.

"फक्त बसून वाचायचंय गं," वडील म्हणाले. "बस स्थानकावर तेच करते की."

"बस स्थानक धावतं का?"

"आई, हेल्मेट असतं. पट्टे असतात. गाडीत लोखंडी पिंजरा असतो," शिट्टी म्हणाली.

"पिंजरा कशाला लागतो, ते सांग आधी."

तीन दिवस आईने तोंड फुगवलं आणि चौथ्या दिवशी एका अटीवर होकार दिला: प्रत्येक टप्पा संपला की फोन करायचा. शिट्टीने मान डोलावली. आईचा फोनवरचा पहिला प्रश्न काय असणार हे घरातल्या भिंतींनाही माहीत होतं. सकाळी दहाला केला तरी आणि दुपारी चारला केला तरी तो एकच असायचा, "जेवलीस का?"

सुरुवात इंग्रजीतून झाली आणि तिथेच फसली. सरावाच्या पहिल्या दिवशी पाहुणीने एका फाट्यावर ओरडून विचारलं, "लेफ्ट?" डावीकडेच वळायचं होतं. शिट्टीने बरोबर या अर्थाने ओरडून सांगितलं, "राइट!" पाहुणीने गाडी उजवीकडे घातली ती थेट विटांच्या कारखान्यातल्या वाळूच्या ढिगावर. दोघी काचा खाली करून वाळू झटकत बसल्या. कारखान्याचा मालक म्हणाला, "बाई, वाळू हवी होती तर निरोप पाठवायचा, मी पोहोचवली असती."

त्या दिवसापासून गाडीत इंग्रजी बंद. शिट्टी तिच्या स्वतःच्या भाषेत बोलणार आणि पाहुणी ते शब्द शिकणार, असं ठरलं. कुठले शब्द ते आईला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. गाडीतलं काहीही कमी कळेल तेवढं बरं, असं तिचं मत होतं.

दुसरी शर्यत झाल्यावर पाहुणीची सीट तिला कमरेला टोचायला लागली, म्हणून शिट्टी तिला वडिलांच्या दुकानात घेऊन आली. वडिलांनी सीट जमिनीवर ठेवली, पाहुणीला तीत बसवलं आणि फोमचे तुकडे इकडून तिकडून खुपसून बघायला लागले. आई जिन्यावरून खाली आली. पाहुणीला ती पहिल्यांदाच बघत होती. परदेशातल्या बाईला काय म्हणावं हे काही सुचेना, तेव्हा तोंडातून जे नेहमी निघतं तेच निघालं, "जेवलीस का?"

पाहुणीने दोन्ही हात वर फेकले. "जेवलीस का!" ती आनंदाने ओरडली. "जेवलीस का! जेवलीस का!" मग शिट्टीच्या हातावर टाळी दिली, सीटमधून उठली आणि आईला इतकी घट्ट मिठी मारली की आईचा चष्मा वाकडा झाला.

"म्हणजे जेवली की नाही?" आईने मिठीतूनच विचारलं.

"एवढा आनंद झालाय," वडील म्हणाले, "म्हणजे उपाशीच असणार."

तिला वर नेलं, जेवायला बसवलं. पाहुणी स्वतःच भांड्यातला डाव उचलून वाढून घ्यायला लागली. आई म्हणाली, "सोड, सोड, मी वाढते." त्यासरशी टेबलाखाली पाहुणीचा उजवा पाय असा आपटला की ताटं उडाली आणि वडिलांच्या मांडीवर पाणी सांडलं. शिट्टी खाली मान घालून हसत होती. खांदे हलत होते.

"काय झालं तिला? पायात गोळा आला का?"

"काही नाही गं आई. जेवू दे."

उलगडा झाला तो जेवणानंतर. पाहुणी तिच्या भाड्याच्या साध्या गाडीतून आईला शाळेत सोडायला निघाली. शिट्टी पुढे, आई मागे, दोन्ही हातांनी मूठ धरून. पाहुणी शहरात अगदी शहाण्यासारखी चालवायची. कोपऱ्यावर एक लिंबंवाला हातगाडी ढकलत होता, बराच लांब होता, पण आईच्या तोंडून निघून गेलंच, "अगं, जपून!"

गाडी जागच्या जागी खिळली. आई पुढच्या सीटला नाकाने भेटली. मागून येणारा स्कूटरवाला "अहो!" म्हणून ओरडला, आणि लिंबंवाल्याने दचकून हातगाडी सोडली. रस्ताभर लिंबं. तिघी खाली उतरून लिंबं वेचायला लागल्या, आणि वेचता वेचता आईने विचारलं, "आता खरं सांग. ती माझ्या बोलण्यावर अशी का वागते?"

शिट्टीने ओच्यात धरावीत तशी लिंबं सदऱ्यात धरली होती. ती म्हणाली, "आई, गाडीत विचार करायला वेळ नसतो. न शोधता तोंडातून निघतील असे शब्द हवे होते. मी बसून आठवत होते, की असे कुठले शब्द मला येतात. तर सगळे तुझेच निघाले."

"म्हणजे?"

"‘जपून’ म्हणजे जोरात ब्रेक, पुढे अवघड वळण. ‘अगं’ म्हणजे सावध, काहीतरी लपलंय. वळण आत आत आवळत जातं ना, त्याला ‘आवर’. चिखल असला की ‘पाय पुसून’. आणि ‘सोड’ म्हणजे रस्ता मोकळा आहे, पाय दाबून ठेव."

"सोड? मी ‘सोड तो मोबाइल’ म्हणते, तो?"

"तोच."

"आणि ‘जेवलीस का’?"

शिट्टी हसली. "टप्पा संपला. पोहोचलो. सगळं ठीक."

आई हातात लिंबू घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. जन्मभर ती या मुलीला म्हणत आली होती की तू या कानाने ऐकतेस आणि त्या कानाने सोडून देतेस. लिंबंवाला म्हणाला, "बाई, ते लिंबू घेताय की परत देताय?" तिने दिलं. त्या दिवशी शाळेत तिने सातवीच्या वर्गात डोंगर शिकवायचे सोडून नद्या शिकवल्या, आणि पोरांच्या लक्षात येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही.

त्यानंतर पाहुणी घरचीच झाली. हॉटेल सोडून मागच्या खोलीत राहायला आली. पलंग तिला पुरत नसे. पाय बाहेर यायचे, म्हणून वडिलांनी पलंगाच्या टोकाला फोमचा तुकडा जोडून दिला. पाहुणीनेही त्यांना एक टोपी दिली, तिच्या आईने विणलेली. ती आई दूर त्या बर्फाच्या मुलखात लोकरीचं दुकान चालवायची. टोपी एवढी उबदार होती की तिच्यात बटाटे उकडले असते. वडील ती भर दुपारी घालून शिवत बसायचे, आणि घाम पुसत म्हणायचे, "काय ऊब आहे!"

पाहुणीलाही प्रत्येक टप्प्यानंतर आईला फोन करायचा असायचा. दोघी फोनवर बाजूबाजूला उभ्या राहायच्या, ही एका आईशी, ती दुसऱ्या आईशी. पलीकडच्या आईने एकदा गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण बघून विचारलं, की गाडी थांबली की तुम्ही दोघी काय ओरडता? पाहुणीने सांगितलं, त्याचा अर्थ, मी सुखरूप पोहोचले. तेव्हापासून पाहुणी तिच्या भाषेतला नमस्कार-चमत्कार गुंडाळून फोनवर पहिलं वाक्य बोलायची, "जेवलीस का!" आणि पलीकडून म्हातारीचा खडबडीत आवाज यायचा, "जेवलीस का, जेवलीस का," आणि मग दोघी हसायच्या. म्हातारीला या भाषेतलं तेवढंच येत होतं.

तिसरी शर्यत त्या जिंकल्या. चौथीत दुसऱ्या आल्या. आणि मग एक गंमत सगळ्यांच्या ध्यानात आली. पाहुणीला अजिंक्यपदाचे गुण नव्हते, पण नॅव्हिगेटरचं अजिंक्यपद वेगळं असतं, आणि शिट्टी काही पाहुणी नव्हती. ती इथलीच. तिचे गुण साठत होते. पाचव्या शर्यतीला निघताना ती देशातल्या नॅव्हिगेटरांत दुसरी होती, पहिल्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून. पाहुणीला हे कळल्यावर तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी गाडी. तू कप."

पाचव्या शर्यतीत गाडी उलटली.

एका उंचवट्यावरून उडाली, तिरकी पडली, एक पलटी खाल्ली आणि टपावर थांबली. दोघींना साधं खरचटलंही नाही. पण रस्त्याकडेच्या कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं आणि संध्याकाळपर्यंत ते जगभर फिरलं. धूळ, उलटी गाडी, गरगरणारी चाकं, आणि बघ्यांच्या किंकाळ्या. आईनेही ते बघितलं आणि खाली फोमच्या ढिगावर बसली. वडिलांनी टोपी काढून तिला वारा घातला. मग शिट्टी घरी आली, धुळीने माखलेली, आणि आईच्या हातात गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण ठेवलं.

"हे आतलं बघ. बाहेरचं बघू नकोस."

आईने बोटांच्या फटीतून बघितलं. शिट्टी मान खाली घालून वाचत होती. "उजवं, सोड, उंचवटा, अगं..." आणि मग सगळं जग फिरलं. कागद उडाले. गाडी थांबली तेव्हा दोघी पट्ट्यांना उलट्या लटकत होत्या, वेणी छताला टेकलेली. मग शिट्टीचा आवाज, तोच, प्रत्येक शब्दाला वेगळी खुर्ची देणारा: "जेवलीस... का?"

आणि पाहुणी उलटी लटकत खो खो हसत सुटली.

आईने ते चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी तीही हसली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "आंघोळ कर आधी. पाय पुसून ये."

पलीकडच्या आईने मात्र फक्त बाहेरचं बघितलं होतं. तिने एकच निरोप पाठवला, "घरी ये." पाहुणीने फोन केला तर तिचा नंबर दिसताच म्हातारी उचलायची नाही. पाहुणीने आतलं चित्रण पाठवलं; ते तिने उघडलंच नाही. दुकानाच्या फोनवर केला तर हिचा आवाज ऐकून ठेवून द्यायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. वडिलांनी ठोकून ठोकून, शिवून शिवून गाडीची आतली बाजू नवी केली. पण सरावाला पाहुणी अशी चालवायला लागली की जणू टपावर दुधाचं पातेलं ठेवलंय. शिट्टी "सोड" म्हणायची आणि पाहुणीचा पाय ब्रेक सोडायचाच नाही. अखेर एका सकाळी नाश्त्याला तिने चमचा खाली ठेवून सांगितलं, की आईचा आवाज ऐकल्याशिवाय मी आजवर एकही शर्यत सुरू केलेली नाही. आणि ती बोलली नाही तर शेवटची शर्यत मी सुरू करणार नाही.

शेवटची शर्यत उद्यावर आली. आज संध्याकाळी गाड्यांची तपासणी. जी गाडी तपासणीला उभी राहणार नाही ती सुटणार नाही, आणि गाडी सुटली नाही तर शिट्टीच्या अजिंक्यपदाची उरलेली आशा तिथेच संपली.

सकाळी हे ऐकून आईला पहिल्यांदा काय वाटलं? सुटले, असं वाटलं. खोटं कशाला बोला. उद्या शिट्टी घरी असेल, समोर बसून जेवेल, आणि मान वर करून बोलेल. आई गाणं गुणगुणत डबा भरू लागली. शिट्टी कामावर निघून गेली, डबा विसरून.

दुपारी आई डबा घेऊन स्थानकावर गेली. गर्दी होती. ती बाकावर टेकली. वर भोंग्यातून मुलीचा आवाज येत होता, गाव, श्वास, फलाट. सगळं बरोबर. तरी काहीतरी चुकत होतं. शेजारी चहा पीत उभा असलेला बसचा चालक दुसऱ्याला म्हणाला, "आज शिट्टीची वाफ गेलीय."

"गेलीय खरी. मघाशी माझी गाडी सांगितली, मला वाटलं रद्दच झाली."

आईने काचेतून बघितलं. शिट्टी मान खाली घालून बसली होती, बोट कागदावर. आजूबाजूला गाड्या येत होत्या, मागे सरत होत्या, वळत होत्या, माणसं धावत होती, आणि ती एकदाही वर बघत नव्हती. बघायची गरजच नव्हती. सगळं स्थानक तिच्या शब्दावर चाललेलं. ही मुलगी आयुष्यभर अशीच तर बसत आली होती, आणि माणसं आपापल्या गावी नीट पोहोचत होती.

आईने डबा खिडकीतून आत सरकवला.

"जेवलीस का?"

शिट्टीने मान वर केली. हसायचा प्रयत्न केला. "कुठे गं. पोहोचलेच नाही अजून."

बस, एवढंच बोलली. आई परत फिरली ती जवळजवळ पळतच. फलाटांवरून, भाजीच्या पाट्यांमधून, लिंबंवाल्याच्या हातगाडीला वळसा घालून. "जपून, बाई!" लिंबंवाला ओरडला, पण आज ती थांबली नाही.

वडील दुकानात टोपी घालून शिवत होते. पाहुणी फोमच्या ढिगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एवढी उंच बाई, पण केवढीशी दिसत होती.

"अहो, टोपी काढा."

"का? ऊन तर..."

"काढा म्हणते ना!"

वडिलांनी काढली. आईने ती उलटी केली. आतल्या बाजूला कापडाची पट्टी शिवलेली होती, तिच्यावर लोकरीच्या दुकानाचं नाव आणि खाली दुकानाचा फोन. आईने घड्याळाकडे बघितलं. रेखांशांचा हिशेब तिला मुलांना शिकवून शिकवून पाठ झाला होता. तिकडे आता सकाळ, दुकान उघडायची वेळ. मुलीचा आवाज म्हातारी ठेवून देते. माझा आवाज तिला काय माहीत? गिऱ्हाईक समजून ऐकेल तरी.

"पण बोलणार काय?" वडिलांनी विचारलं. "तिला इंग्रजी येत नाही. तुला तिची भाषा येत नाही."

"एक वाक्य येतं की तिला."

पाहुणीने मान वर केली. आईने तिच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "तू इथेच बस. मी म्हटलं की लगेच हसायचं. मोठ्याने. तिला ऐकू गेलं पाहिजे." पाहुणीला शब्द कळले नाहीत, पण काहीतरी कळलं, कारण ती ढिगावरून उठून अगदी जवळ येऊन बसली.

आईने फोन हातात घेतला आणि थबकली. पलीकडची बाई तिच्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी. दुकान चालवणारी, पिकलेली बाई. आयुष्यात आईने अशा बाईला अगं-तुगं केलं नव्हतं; स्वतःच्या सासूला तर ती झोपेतसुद्धा अहो-जाहो करायची. खरं तर विचारायला हवं, जेवलात का? पण ‘जेवलात’ म्हटलं तर म्हातारीला ओ की ठो कळणार नाही. कुठली कोण बाई म्हणून फोन ठेवून देईल. तिला ओळखीचं आहे ते एकच. म्हणजे पहिल्याच फोनवर, ओळख ना पाळख, सरळ ‘तू’ म्हणायचं.

"काय गं, गाडी कुठे अडली?" वडील म्हणाले.

"थांबा हो. मान राखतेय."

तिने मनातल्या मनात एकदा नीट, हात जोडून, ‘जेवलात का’ म्हणून घेतलं. तेवढ्याने भागणार होतं. मोठ्याने म्हणायचं ते दुसरं. मग तिने टोपीतली पट्टी उजेडाकडे धरली, आणि मान खाली घालून एकेक आकडा वाचत दाबायला सुरुवात केली.